ड्रायव्हर माळ्यावर टाका, पटर खाली काढा

वाचकाचं पत्र

वय 44, राहणार जुळे सोलापूर. टॉवेल निर्यातीच्या धंद्यात विक्रीचं काम बघतो. पुण्यातल्या एका मोठ्या ग्राहकाने जानेवारीत ‘गोल्फ डे’ला बोलावलंय आणि मी हो म्हणून बसलोय. कॉलेजात असताना क्रिकेट खेळायचो, उजव्या हाताने. गोल्फची स्टिक कधी हातात धरलेली नाही. ओळखीच्या एकाकडून 12 स्टिकांचा जुना सेट घेतला आणि मित्राच्या शेताकडेच्या मुरमाड पडिकात एका दुपारी साठ-सत्तर चेंडू मारले. बहुतेक ड्रायव्हरने, चेंडू जमिनीवर ठेवूनच. निम्मे सरपटत गेले, निम्मे उजवीकडे वळून तुरीत हरवले. डाव्या तळहाताला फोड आलेत आणि उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला अजून दुखतंय. चार महिन्यांत जमेल का? सोलापुरात बसून काय करता येईल? बायको म्हणते, हा म्हाताऱ्यांचा खेळ आहे, आत्तापासून कशाला?

उत्तर

नमस्कार.

चार महिन्यांत चांगलं खेळता येत नाही. पण कुणाचा खोळंबा न करता अठरा होलचं पूर्ण मैदान फिरावं, आपल्या गटाला दोन-चार वेळा खरोखर उपयोगी पडावं आणि हसू न होता परत यावं, एवढं चार महिन्यांत होतं. त्यासाठीचा बराचसा सराव घरच्या फरशीवर आणि गच्चीवर होतो. तुम्ही फक्त खेळाला चुकीच्या टोकाकडून हात घातलात. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब दांड्याचा, सगळ्यात अवघड क्लब, तोही टीशिवाय, म्हणजे चेंडू टेकवायच्या खुंटीशिवाय, मुरमावर. तसा फटका स्पर्धा खेळणारे लोकही क्वचितच मारतात. (स्टिक म्हटलं तरी समजतं सगळ्यांना, पण तिथे ‘क्लब’ ऐकू येईल, म्हणून पुढे क्लबच म्हणतो.)

आधी कोपराचं बघू. आतल्या बाजूचं दुखणं म्हणजे मनगट आणि बोटं मिटणाऱ्या स्नायूंच्या मुळाशी आलेला ताण. कारणं दोन आणि तुमच्याकडे दोन्ही हजर आहेत: मूठ आवळून धरणं आणि कडक जमिनीत क्लब आदळणं. दहा दिवस पूर्ण फटके बंद. त्या दिवसांत पटिंग, म्हणजे पटर नावाच्या क्लबने चेंडू होलकडे हलकेच लोळवणं, करायला हरकत नाही, त्यात कोपरावर भार येत नाही. दोन आठवड्यांनीही कुलपात किल्ली फिरवताना किंवा बादली उचलताना कळ आली, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि यापुढे एका वेळी तीसपेक्षा जास्त चेंडू नाहीत. साठावा चेंडू मारणारं अंग पहिल्या चेंडूचं नसतं. तोवर दमलेलं शरीर आपली वेगळीच वळणं शोधून काढतं आणि नेमकी तीच लक्षात ठेवतं.

फोड कुठे आलेत यावरून बरंच कळतं. डाव्या तळहाताच्या टाचेपाशी, म्हणजे करंगळीच्या बाजूच्या फुगीर भागावर आले असतील, तर क्लब तळव्यात धरला जातोय आणि प्रत्येक फटक्याला तिथे घसरतोय. बॅट तशी धरली तर चालून जातं, क्लब नाही.

आता पटर का खाली काढायचा ते. साधा हिशेब आहे. पूर्ण कोर्सचा (मैदानाचा) पार, म्हणजे अपेक्षित फटके, बहुधा 72 असतो, आणि पार ठरवताना प्रत्येक ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, दोन पट धरलेले असतात. अठरा दुणे 36. म्हणजे निम्मे फटके चेंडू जमिनीवरून घरंगळत नेण्याचे. दुसरं असं की कंपन्यांच्या गोल्फ डेला बऱ्याचदा ‘स्क्रॅम्बल’ पद्धत असते. चौघांनीही फटका मारायचा, त्यातला सगळ्यात चांगला चेंडू निवडायचा आणि पुढचा फटका चौघांनी तिथूनच मारायचा. यजमानाला आत्ताच फोन करून पद्धत विचारून घ्या. स्क्रॅम्बल असेल, तर तुमचे वाकडे गेलेले लांब फटके कुणी मोजणार नाही. पण अडीच मीटरवरून तुमचा पट पडला, तर तो चौघांचा असतो.

पटिंगला फरशी चालेल, पण नुसती गुळगुळीत नको. त्यावर चेंडू घसरतो, लोळत नाही. सतरंजी किंवा पातळ गालिचा ताणून घाला. सोलापुरी चादर यासाठी वापरू नका, तिची वीण जाड असते आणि सुरकुती पडली की चेंडू फिरतो. चादरीचं काम पुढे आहे. पटरचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, कुठे जातोय हे बघायला मात्र उघडी फरशी उत्तम. दोन फरशांच्या सांध्यावर पटर ठेवा आणि चेंडूशिवाय मागे-पुढे हलवा. एक-दीड वितीच्या हालचालीत पटर सांध्याला धरून राहिला पाहिजे आणि फेस सांध्याशी काटकोनात.

उभं राहताना डोळे चेंडूच्या बरोबर वर किंवा किंचित आत. तपासायचं असेल तर डाव्या डोळ्यापाशी धरलेला दुसरा चेंडू सोडा, तो खालच्या चेंडूवर किंवा त्याच्या जरा आतल्या बाजूला पडायला हवा. मनगटं गप्प. खांदे पाळण्यासारखे हलतात आणि हात त्यांच्याबरोबर जातात. चेंडू किती लांब जाणार हे पटर किती मागे नेला यावर ठरवा, किती जोर लावला यावर नाही. नवख्याचा पटर मागे लांब जातो आणि चेंडूपाशी येताना तो घाबरून आवरता घेतो. म्हणून अंतर रोज बदलतं.

रोजची वीस मिनिटं अशी घाला. चेंडूच्या पुढे वीतभर अंतरावर दोन नाणी ठेवा, मधली फट पाच सेंटिमीटर. चेंडूचा व्यास 42.67 मिलिमीटर, म्हणजे दोन्हीकडे जेमतेम चार मिलिमीटर जागा उरते. एक मीटरवरून वीस पट या फाटकातून जाऊ द्या. हे झालं दिशेचं. मग दोन, तीन आणि खोली लांब असेल तर पाच मीटरवर रुमाल टाकून चेंडू त्या रुमालावर थांबवा. होल वगैरे काही नको, नुसतं थांबवा. खऱ्या ग्रीनवर तीन पट लागतात ते दिशा चुकल्यामुळे कमी आणि पहिला पट दोन मीटर आखूड किंवा लांब राहिल्यामुळे जास्त. पेला आडवा ठेवून त्यात चेंडू घालायची पद्धत सगळीकडे दिसते. मौज म्हणून ठीक आहे, पण खऱ्या होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो आणि पेल्याचं तोंड त्याहून बरंच लहान. पेल्यात चेंडू गेला नाही म्हणून खट्टू होऊ नका.

तुमच्या बारांतले तीन क्लब बाहेर ठेवा: पटर, सात नंबर आयर्न (मधल्या अंतराचा लोखंडी क्लब) आणि पिचिंग वेज (जवळच्या फटक्यांचा). सेटमध्ये हायब्रिड (लांब फटक्याचा, पण मारायला सोपा क्लब) असेल तर चौथा तो. बाकी माळ्यावर. नियमाने पिशवीत 14 पर्यंत क्लब ठेवता येतात, पण चार महिन्यांत चौदांशी ओळख होत नाही. सेट जुना आहे म्हणून काही गोष्टी तपासा. डोकं आणि दांडा जिथे जुळतात तिथे हाताने पिळून पाहा, किंचितही फिरत असेल किंवा कुरकुर आवाज येत असेल तर तो क्लब वापरू नका. तिथे गोंद असतो आणि तो उन्हाने मऊ होतो. क्लब गाडीच्या डिकीत ठेवायची सवय लावून घेऊ नका, सोलापुरात तर नकोच. दांड्यावर आर किंवा एस असं अक्षर असेल. आर म्हणजे रेग्युलर, तुम्हाला तोच हवा. एस ताठर असतो, तुमच्या वेगाला तो वाकत नाही आणि चेंडू आणखी उजवीकडे जायला मदतच करतो. रबरी ग्रिप चकाकत असेल तर ती कडक झालीय. कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, टॉवेलने पुसून सावलीत वाळवा. तरी हात घसरत असेल तर ग्रिप बदलून घ्यावी लागेल. मूठ आवळून धरायला लागण्याचं निम्मं कारण गुळगुळीत ग्रिपच असतं. हातमोजा डाव्या हातालाच, तळव्यावर अजिबात सुरकुती पडणार नाही इतका घट्ट. घाम फार येत असेल तर दोन घ्या आणि आलटून पालटून वापरा.

आणखी एक. जुन्या सेटमधल्या सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा उतार, साधारण 34 ते 36 अंश असतो, आजच्या काही सात नंबरांचा 30 च्याही खाली, आणि उतार कमी तेवढा चेंडू लांब. म्हणून शेजारचा माणूस ‘माझा सात नंबर इतका जातो’ म्हणाला की ऐकून सोडून द्यायचं. क्लबवर आकडा तोच असला तरी क्लब तो नाही.

पकड, आणि क्रिकेटची भानगड

डावा हात आधी. क्लबचा दांडा करंगळीच्या मुळाशी आणि तर्जनीच्या मधल्या पेराशी असा तिरका टेकतो, बोटांत, तळव्यात नाही. मूठ मिटली की वरून पाहताना डाव्या हाताची दोन ते अडीच बोटांची टेंगळं दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल तर हात फार डावीकडे वळलाय आणि चेंडू उजवीकडे जाणार. मग उजव्या हाताचा खळगा डाव्या अंगठ्यावर झाकणासारखा बसतो. उजव्या करंगळीचं काय करायचं यावर लोक तास-तास बोलतात. डाव्या तर्जनीवर टेकवा, तिच्यात अडकवा किंवा दहाही बोटं दांड्यावर ठेवा, तिन्ही रीती चालतात. लहान किंवा कमी ताकदीचा हात असेल तर अडकवलेली बरी पडते. दोन्ही हातांत अंगठा-तर्जनीमध्ये जी खाच दिसते, ती उजव्या खांद्याकडे रोखलेली हवी.

किती घट्ट? कडक भाकरी ताटातून उचलता तेवढं. सुटू नये आणि मोडूही नये.

आता चेंडू उजवीकडे का वळतो ते नीट समजून घ्या. हे समजलं नाही तर तुम्ही आपसूक डावीकडे नेम धराल आणि दुखणं वाढवाल. चेंडू कुठल्या रोखाने निघणार हे मुख्यत्वे आघाताच्या क्षणी फेस कुठे बघतोय त्यावर ठरतं. मग तो हवेत कुठे वळणार हे फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावर. क्लब बाहेरून आत, म्हणजे तुमच्यापासून लांबून येऊन डाव्या पायाकडे ओढला गेला आणि फेस त्या मार्गाच्या मानाने उजवीकडे उघडा राहिला, की चेंडू उजवीकडे वळणारच. याला स्लाइस म्हणतात.

क्रिकेट खेळलेल्याला हा मार्ग फार सरावाचा असतो. ऑफच्या बाहेरचा चेंडू मिडविकेटवरून उचलून मारताना बॅट नेमकी तशीच फिरते: खालच्या हाताचा जोर, उजवा खांदा पुढे, बॅट आडवी ओढलेली. गोल्फमध्येही क्लब वर गेल्यावर हात हेच करायला धावतो. त्यावर ‘डावीकडे नेम धरू’ हा उपाय केला की मार्ग आणखी आडवा होतो आणि चेंडू आणखी वळतो.

त्याच क्रिकेटने तुम्हाला एक गोष्ट फुकट दिली आहे, तीही सांगायला हवी. पुढच्या पायावर येऊन सरळ बॅटने मारलेला ड्राइव्ह आठवा. वजन डाव्या पायावर, डोकं चेंडूवर, आणि बॅट जमिनीला धरून पुढे जाते. आयर्नच्या फटक्यातही वजन असंच डावीकडे जातं. फरक एवढाच की पाऊल उचलायचं नाही, जागच्या जागी कंबर वळते. फटका संपल्यावर उजव्या पायाचा चवडाच टेकलेला असावा, टाच वर, पोट निशाणाकडे. त्या स्थितीत तीन आकडे मोजेपर्यंत उभं राहता आलं नाही, तर कुठेतरी तोल गेलाय.

उभं राहण्याबद्दल थोडक्यात. सात नंबरला पाय खांद्याएवढे फाकलेले, चेंडू दोन पावलांच्या मध्यावर किंवा अर्धा चेंडू डावीकडे. पाठ सरळ ठेवून कमरेतून झुका, हात खांद्यांपासून सैल लोंबू द्या, ग्रिपचं टोक आणि मांडी यांत वीतभर अंतर. वजन बुटाच्या नाडीखाली, टाचांवर नाही. आणि नेम. यंत्रमागावरचे ताण्याचे धागे आठवा. एक धागा चेंडूतून निशाणाकडे गेलेला आणि दुसरा तुमच्या चवड्यांवरून, पहिल्याला समांतर. दुसरा धागा निशाणाच्या जरा डावीकडेच जाणार. नवखा माणूस चवडेच निशाणावर रोखतो, मग तो उजवीकडे तोंड करून उभा राहतो आणि शरीर ते सावरायला क्लब आडवा ओढतं. पुन्हा स्लाइस.

सरपटणारे चेंडू आणि रांगोळीची रेघ

निम्मे चेंडू सरपटले, कारण तुम्ही ते उचलायला गेलात. चेंडू वर जावा म्हणून माणूस उजव्या पायावर मागे रेलतो आणि चमच्यासारखा क्लब खालून घालतो. त्यामुळे क्लबच्या झोक्याचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे पडतो. मग क्लब एक तर आधी जमिनीत बसतो, नाही तर तिथून वर येताना चेंडूच्या डोक्याला लागतो. पहिल्याने कोपर दुखतं, दुसऱ्याने चेंडू सरपटतो. चुका दोन दिसतात, मूळ एकच. आयर्नमध्ये क्लब आधी चेंडूला आणि मग जमिनीला लागायला हवा, झोक्याचा तळ चेंडूच्या पुढे चार बोटांवर. चेंडू वर न्यायचं काम फेसच्या उताराकडे आहे, तुमच्याकडे नाही.

हे शिकायला चेंडूच लागत नाही. गच्चीवर काथ्याचं जाड पायपुसणं ठेवा. त्याखाली जुन्या रबरी चटईचा तुकडा घाला, खालचं काँक्रीट कोपराला मुरमापेक्षा दयाळू नसतं. पायपुसण्यावर रांगोळीची आडवी रेघ ओढा, म्हणजे दोन्ही पायांच्या मधोमध, निशाणाकडे जाणाऱ्या दिशेला काटकोनात. सात नंबरने अर्धा झोका घ्या: हात मागे कमरेएवढे, पुढेही कमरेएवढे. क्लब कुठे घासला ते रांगोळी सांगते. रेघेवर किंवा तिच्या डावीकडे, निशाणाच्या बाजूला फरकाटा उठला तर बरोबर. रेघेच्या उजवीकडे उठला तर तुम्ही अजून उचलताय. पहिले दोन आठवडे दहा वेळा रेघ, मग दहा फोमचे चेंडू, पुन्हा दहा रेघा, एवढंच. दहापैकी आठ फरकाटे बरोबर जागी आले की हात खांद्यापर्यंत न्या. त्याहून वर जानेवारीपर्यंत न्यायची गरज नाही.

टॉवेल तर तुमच्या घरचेच. एक लहान टॉवेल छातीवरून आडवा घेऊन दोन्ही काखांत धरा आणि अर्धे झोके घ्या. टॉवेल पडला म्हणजे हात शरीरापासून सुटून एकटेच मारतायत. दुसरा दुमडून चेंडूच्या मागे टीचभर अंतरावर ठेवा. क्लब त्याला लागला तर तळ मागे पडतोय. फेसवर थोडी टाल्कम पावडर लावली की चेंडूचा ठसाही उमटतो. ठसा टोकाकडे येत असेल तर तुम्ही लांब उभे आहात किंवा हात आखडतायत, दांड्याकडे येत असेल तर फटक्यात पुढे झुकताय.

खरा चेंडू मारायचा असेल तर जाळी हवीच. 45.93 ग्रॅमपर्यंत वजनाची कडक गोळी आहे ती. नवख्याच्या सात नंबरनेही ती शंभर मीटर सहज ओलांडते आणि नीट न लागता सखल सुटली तर माणसाच्या पोटाच्या उंचीने जाते. होम मैदान, सोसायटीचा मोकळा प्लॉट, तलावाकाठची जागा यांतलं काहीही नको, पहाटे कुणी नसलं तरी नको. क्रिकेटची जाळी आणाल तर आधी भोक मोजा. पाच सेंटिमीटरचं भोक असलं की गोल्फचा चेंडू त्यातून बिनदिक्कत पार होतो. भोक अडीच सेंटिमीटर किंवा कमी असलेली जाळी घ्या, तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच. ती ताणून बांधू नका, ताणलेली जाळी चेंडू परत तुमच्याकडे फेकते. झोळ ठेवा, आणि जाळीच्या मागे हातभर अंतरावर जुनी सोलापुरी चादर वरूनच टांगा, खाली मोकळी. जाड विणीची सैल चादर चेंडूचा वेग पिऊन टाकते. चौकटीचे लोखंडी पाइप फोमने गुंडाळा, पाइपवर बसलेला चेंडू कुठे येईल सांगता येत नाही. तुम्ही जाळीपासून तीन मीटरवर. पाण्याची टाकी, डिशची तार आणि शेजारची गच्ची आधी बघून घ्या. हे सगळं जमणार नसेल तर फोमचे चेंडू पुरेत. ते लांब जात नाहीत, पण वळतात खऱ्यासारखेच, आणि तुम्हाला बघायचं ते वळणच आहे.

पिचिंग वेजचा आखूड फटका, म्हणजे चिप, हा तर पटिंगचा धाकटा भाऊ. पाय जवळ, वजन आधीपासून डाव्या पायावर, चेंडू मध्याच्या किंचित उजवीकडे, हात चेंडूच्या जरा पुढे, आणि मग पट मारल्यासारखे खांदे हलवायचे. मनगट मोडलं की सगळं बिघडलं. गच्चीवर तीन, पाच आणि आठ पावलांवर घमेली मांडा आणि फोमचे चेंडू त्यांत टाका, आठवड्यातून तीन दिवस, चाळीस-चाळीस चेंडू. खऱ्या ग्रीनवर या क्लबने मारलेला चिप ढोबळमानाने एक भाग हवेतून आणि दोन भाग जमिनीवरून जातो. तोच फटका सात नंबरने मारला तर एकास तीन किंवा अधिक. म्हणजे वाटेत अडथळा नसेल, तर चेंडू जितका लवकर जमिनीवर येऊन लोळेल तितकी चूक कमी.

ड्रायव्हरबद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल. त्याचा लॉफ्ट दहा-अकरा अंशांचा. उतार कमी म्हणून चेंडूला मागची फिरकी कमी मिळते आणि उघड्या फेसची चूक उघडी पडते. सात नंबरवर जी चूक आठ-दहा मीटरचं वळण देते, तीच ड्रायव्हरवर चाळीस मीटर बाहेर नेते. जानेवारीत टीवरून सात नंबर किंवा हायब्रिड मारा. कुणी टोमणा मारलाच तर त्याचा चेंडू शोधायला मदत करा.

पुण्याच्या फेऱ्या

घरचा सराव कितीही केला तरी स्वतःचा झोका स्वतःला दिसत नाही. चार महिन्यांत चार फेऱ्या करा, महिन्याला एक. चार दिवस सलग शिकून काही उरत नाही. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन संध्याकाळी त्याच गाडीने परत येता येतं. तीन क्लब जुन्या चादरीत गुंडाळले की ओझं होत नाही. पुण्यात येरवड्याला पूना क्लबचा कोर्स आहे, बावधनच्या बाजूला ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट आहे. बाहेरच्या माणसाला सराव आणि शिकवणी कोणत्या वारी, कोणत्या वेळी मिळते ते फोन करून ठरवूनच निघा. प्रशिक्षकाकडे नॅशनल गोल्फ अकादमी ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र आहे का, हे विचारायला संकोच नको.

पहिल्या भेटीत त्याला फक्त पकड, नेम आणि उभं राहणं बघायला सांगा. पूर्ण झोका दुसऱ्या भेटीत. परतताना एकच काम घेऊन या, पाच नको. आणि मोबाइलवर दोन बाजूंनी चित्रण करून घ्या: एक समोरून, एक पाठीमागून म्हणजे निशाणाच्या उलट टोकाला, चवड्यांच्या रेषेत, दोन्ही वेळा मोबाइल कमरेच्या उंचीवर. जास्त वर किंवा तिरका धरला तर क्लबचा मार्ग खोटा दिसतो आणि नसलेली चूक सुधारत बसाल. तिसऱ्या-चौथ्या फेरीत जमलं तर नऊ होल चालून या. सपाट चटई आणि उताराचं गवत यांतला फरक त्याशिवाय कळत नाही.

जानेवारीच्या दिवसासाठी: कॉलरचा टी-शर्ट आणि साधी पँट, जीन्स बऱ्याच ठिकाणी चालत नाही. स्वस्तातले दहा चेंडू, प्रत्येकावर पेनाने स्वतःची खूण, कारण दुसऱ्याचा चेंडू मारला तर दोन फटक्यांचा दंड. अठरा होलला साडेचार तासांच्या आसपास लागतात आणि सात-आठ किलोमीटर चालणं होतं, तेव्हा पाणी जवळ ठेवा. चेंडू माणसांकडे निघाला की लगेच, मोठ्याने ‘फोर’ ओरडायचं, लाजायचं नाही. हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटं. झुडपात अडकला तर एक फटका दंड घेऊन दोन क्लब अंतरात, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून टाकायचा. बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, चेंडूच्या मागे चार बोटांवर वाळूतच मारायचं, आणि दुसऱ्या प्रयत्नातही निघाला नाही तर उचलून पुढे चालायचं. मैत्रीच्या सामन्यात कुणी हरकत घेत नाही, खोळंब्याला मात्र घेतात. ग्रीनवर दुसऱ्याचा चेंडू आणि होल यांच्या मधल्या रेषेवर पाय नको. आपल्या चेंडूने पडलेला खळगा कडेची माती मध्याकडे ढकलून बुजवा, तळातून उकरून वर काढलीत तर तिथलं गवत मरतं. कॅडी (क्लबची पिशवी वाहणारा) मिळाला तर ग्रीनचा उतार त्यालाच विचारा. तो ते मैदान रोज चालतो.

राहिली वहिनींची शंका. अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये गोल्फला चौथी आली, एका फटक्याने पदक हुकलं, तेव्हा ती 23 वर्षांची होती. त्याच ऑलिंपिकमध्ये पुण्याचा उदयन मानेही खेळला. तरी त्यांना पटलं नाही, तर नाण्यांच्या फाटकासमोर पटर त्यांच्या हातात द्या आणि वीस चेंडू मारू द्या. बॅटची सवय नसलेला हात फाटकातून चेंडू सरळ काढतो बऱ्याचदा, तेव्हा आकडे लिहून ठेवायचे की नाही ते तुम्ही बघा.